गनच्या आधी हवा: तीन भांड्यांच्या एअर फिल्टरबद्दल

घरच्या शेडमध्ये गाडी रंगवायची ठरली की माणूस पहिल्यांदा रंग फवारायच्या गनच्या मागे लागतो. जपानी घ्यावी, जर्मन घ्यावी, की बाजारात दोन हजाराला मिळते तीही चालेल, यावर तासन्‌तास बोलणं होतं. माझं मत सरळ आहे. १.३ किंवा १.४ मिलिमीटर नोझलची, वर कप असलेली, मध्यम किमतीची गन पुरते. वाचलेले पैसे गनपर्यंत येणाऱ्या हवेवर घाला. बेळगावजवळच्या पिरनवाडीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी घरच्यांच्या आणि नातेवाइकांच्या गाड्या रंगवते. या कामासाठी घेतलेल्या वस्तूंपैकी उद्या सगळं नव्यानं घ्यायची वेळ आली तर कॉम्प्रेसरच्या पाठोपाठ मी हा तीन भांड्यांचा एअर फिल्टर घेईन, गन त्यानंतर.

भिंतीला बसवायच्या पट्टीवर ओळीनं तीन भांडी असतात. पहिल्यात ५ मायक्रॉनचा फिल्टर. हवा आत शिरताना गरगर फिरते, पाण्याचे थेंब भांड्याच्या कडेला आपटून खाली उतरतात. त्याच्या डोक्यावर रेग्युलेटर आणि दाबाचा काटा. दुसऱ्यात ०.०१ मायक्रॉनचा बारीक फिल्टर, कॉम्प्रेसरच्या पिस्टनकडून हवेबरोबर येणारं तेल अडवायला. तिसऱ्यात सिलिका जेलचे नारिंगी दाणे, उरलेली वाफ शोषून घ्यायला. दाणे भिजत गेले की हिरवे पडतात, म्हणजे बाहेरून बघूनच कळतं. उद्यमबागेतल्या एका दुकानात फिटिंग धरून मला सात हजारांच्या आतबाहेर पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली त्याचे दोषही सांगायचे आहेत आणि याच घडणीचा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो.

काउंटरवरच्या पोरानं आधी मलाच विचारलं, "अक्का, कॉम्प्रेसर किती एचपीचा हाय?" तीन, म्हटलं. "मग पाव इंची जोडणीचा घेऊ नका. काटा दाब दाखवतोय, पण गनला हवा पोचत नाही बघा." पोरगं शहाणं होतं. एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबाच्या गनमध्ये टोकाशी दाब फक्त १० पीएसआयपर्यंत असतो, पण हवा भरपूर लागते, मिनिटाला दहा घनफूट आणि वर. अरुंद जोडणीतून तेवढी हवा जात नाही. ट्रिगर दाबेपर्यंत काटा छान उभा असतो, दाबल्याबरोबर खाली येतो, फवारा जाड होतो आणि क्लिअरला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. अर्धा इंची जोडणी थोडी महाग पडते, पण तीच घ्यावी.

आता हा फिल्टर आमच्या भागात एवढा का लागतो ते सांगते. बेळगावात आणि त्याहून जास्त खानापूरकडे, जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. २५ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा धरा. अशा एक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसरची टाकी काट्यावर ८ बारला भरली म्हणजे, बाहेरच्या हवेचा १ बार धरून, नऊ घनमीटर हवा एका घनमीटरच्या जागेत कोंबली. तिच्यात आता १८० ग्रॅम पाणी आहे. ही हवा थंड होऊन परत २५ अंशावर आली की एका घनमीटरात २३ ग्रॅमच्या वर वाफ मावत नाही. राहिलेलं दीडशे ग्रॅमच्या वरचं पाणी होऊन कुठेतरी बाहेर पडणारच, टाकीत, नळीत नाहीतर गनमध्ये. मिनिटाला दहा घनफूट म्हणजे तासाला १७ घनमीटर हवा. गन तासभर सलग चालली तर सुमारे ३०० ग्रॅम पाण्याचा हिशोब द्यावा लागतो. टाकीखालचा कॉक सोडल्यावर जे तांबूस पाणी येतं ते यातलंच.

आमचे आप्पा निपाणीत हायवेच्या कडेला ट्रकांना रंग मारायचे. त्यांच्या वेळी ड्यूको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. थिनर उडाला की तो रंग वाळला. दहा-पंधरा मिनिटांत बोट लावता यायचं, धुळीला बसायला फारसा वेळच मिळायचा नाही. पावसाळी हवेत मात्र तो पांढरं धरायचा. थिनर झपाट्यानं उडताना पत्र्यावरचा रंग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि चमक जाऊन दुधी झाक येते. अशा दिवशी आप्पा हळू उडणारं रिटार्डर थिनर घालायचे किंवा सरळ काम बंद ठेवायचे. आता आपण मारतो तो टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर वेगळ्या स्वभावाचा आहे. तो थिनर उडून नाही, हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन आवळतो, आणि तोवर बराच वेळ ओला राहतो. शिवाय त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशीही क्रिया करतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. नळीतून आलेला एक बारीक थेंब क्लिअरमध्ये बसला की तिथे बुडबुडा, आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक. ते पॉलिशनं जात नाही. पेपर मारून पुन्हा कोट द्यावा लागतो.

फिल्टरचा खरा उपयोग किती होतो हे बघायला मी भंगारातून आणलेलं मारुती ८०० चं बॉनेट वापरलं. घासून, सरफेसर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारून, मधोमध मास्किंग टेपनं दोन भाग केले. काळा बेस, म्हणजे रंगाचा थर, आणि वर क्लिअर, कारण काळ्यावर काही लपत नाही. एका अर्ध्याला फिल्टर काढून थेट टाकीची हवा, दुसऱ्याला फिल्टरमधून. डबा तोच, गन तीच, सकाळ एकच, हवा पावसाळी. सुरुवातीचे पट्टे दोन्हीकडे सारखेच आले. टाकी गरम झाल्यावर फरक पडायला लागला. बिनफिल्टरच्या बाजूला क्लिअरच्या शेवटच्या कोटात बारीक भोकं दिसली आणि दोन ठिकाणी मासोळीच्या डोळ्यासारखे गोल खड्डे, मध्ये तळ दिसतोय आणि कडा उभ्या. हे तेलाचं काम. फिल्टरच्या बाजूला यातलं काहीच नव्हतं.

पण धुळीचे दाणे दोन्ही अर्ध्यांवर जवळजवळ सारखेच होते. हे मी मुद्दाम ठळक सांगते, कारण दुकानात हा फिल्टर "डस्ट-फ्री फिनिश" म्हणून विकतात. तो फक्त नळीतली हवा स्वच्छ करतो. शेडमधल्या हवेला तो हात लावत नाही. पाणी आणि तेल यांचा बंदोबस्त हा फिल्टर करतो, धुळीचा तुम्हाला करायचा आहे.

पाण्याचा बंदोबस्तही तो कुठे लावता यावर आहे. दुकानातून आणून कॉम्प्रेसरच्या अंगावरच बसवला तर पैसे गेले. तिथे हवा तापलेली असते, पाणी अजून वाफेतच असतं, आणि पहिलं भांडं फक्त थेंब पकडू शकतं, वाफ नाही. ती वाफ तशीच पुढे जाते, नळीत थंड होते आणि गनजवळ थेंब होऊन पडते. कॉम्प्रेसरपासून भिंतीवरून २५ फूट जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप नेला, पाइपला कॉम्प्रेसरकडे किंचित उतार दिला, खालच्या टोकाला कॉक बसवला, आणि फिल्टरसाठी फाटा पाइपच्या वरच्या अंगानं काढला. म्हणजे पाइपात जमलेलं पाणी खाली कॉकपाशी जातं आणि फिल्टरला थंड झालेली हवा मिळते. यानंतर सिलिकाच्या दाण्यांवरचा भार एवढा कमी झाला की आधी जे भरभर हिरवे पडायचे ते आता कितीतरी जास्त टिकतात. पैसे वाचवायला पीव्हीसीचा पाइप कुणी घालू नये. दाबाखाली तो तडकला तर धारदार तुकडे उडतात. जीआय जमत नसेल तर तांब्याच्या नळीचं वेटोळं पाण्याच्या बादलीत बुडवून त्यातून हवा काढा, तेही चांगलं काम देतं.

फिल्टरच्या पुढची रबरी नळी नवीन हवी, आणि ती रंगाशिवाय कशालाच लावायची नाही. ज्या नळीनं इम्पॅक्ट रेंच (नट-बोल्ट सोडवायचं हवेवरचं यंत्र) चालवला तिच्या आत तेल लागलेलं असतं, आणि ती फिल्टरनंतर येत असल्यामुळे पुढे तिला अडवणारं कोणी नाही. मारायच्या आधी गनमधून नुसती हवा मिनिटभर स्वच्छ आरशावर सोडायची आणि आरसा उजेडात तिरका धरून बघायचा. ओलसर डाग किंवा तेलकट रंगछटा दिसली तर रंग कालवायचाच नाही.

आता दोष. पहिल्या दोन भांड्यांच्या वाट्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या आहेत. पाणी किती साठलं ते दिसतं हे चांगलं, पण या प्लास्टिकला थिनर चालत नाही. गन धुतलेल्या फडक्यानं वाटी पुसली तरी त्यात बारीक केसासारख्या भेगा धरतात, आणि ८ बारच्या दाबाखाली भेग पडलेली वाटी म्हणजे फुटायला टपलेली वस्तू. बरोबर आलेल्या कागदावर याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. साबणाच्या पाण्यानंच धुवा, आणि धातूचं आवरण असलेलीच वाटी घ्या. दुसरा दोष जास्त खटकणारा. सिलिकाचे दाणे एकमेकांवर घासून त्यांची बारीक पूड होते, आणि या युनिटमध्ये ते भांडं सगळ्यात शेवटी आहे. म्हणजे पाणी अडवणारी वस्तूच पूड पुढे पाठवू शकते. बनवणाऱ्यानं शेवटी एक साधी जाळी घातली असती तर काम भागलं असतं. मी गनच्या मुठीला लागणारा छोटा फेकाऊ फिल्टर जोडला आहे, दोन-तीनशे रुपयांचा. त्याच्याशिवाय हे युनिट वापरू नका असंच मी म्हणेन. रेग्युलेटरच्या काट्यावरही विसंबू नये. दाब तीन भांड्यांतून आणि नळीतून जाताना उतरतो, म्हणून गनच्या मुठीलाच छोटा काटा लावून, ट्रिगर पूर्ण दाबलेला असताना वाचावा.

हिरवे पडलेले दाणे तापवून परत वापरता येतात. मंद शेगडीवर, उघड्यावर, हलवत. भांडं मात्र स्वयंपाकाचं नको. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे मिळाले तर ते घरात आणूच नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला वाईट.

धुळीबद्दल थोडं बोलते, नाहीतर फिल्टर घेऊन लोक निराश व्हायचे. खानापूर रस्त्याची तांबडी माती एवढी बारीक की बंद दारातूनही येते. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत शेतातलं पाचट पेटवतात आणि काळी राख वाऱ्यावर तरंगत येते. चिकोडी, संकेश्वर, निपाणीकडच्या लोकांना हे सांगायला नको. म्हणजे ज्या महिन्यांत हवा कोरडी आणि रंगाला चांगली, त्याच महिन्यांत वरून काजळी पडते. माझा शेड मी आदल्या दिवशी वरपासून खालपर्यंत पाण्यानं धुते, भिंतींना प्लास्टिक लावते आणि मारायच्या वेळी जमीन ओली ठेवते, डबकं नाही, नुसती ओल. हवा आत यायच्या झरोक्याला पॉलिएस्टरची फिल्टर शीट आहे आणि बाहेर फेकणारा पंखा समोरच्या भिंतीला. आत यायची वाट बाहेर जायच्या वाटेपेक्षा मोठी ठेवली आहे, नाहीतर पंखा दाराच्या फटीतून धूळ ओढून घेतो. पंख्याची मोटर थिनरच्या वाफेच्या वाटेत नको. साधी मोटर ठिणगी टाकू शकते. वाफ पेट घेते म्हणून त्या वेळी शेजारच्या खोलीतला गॅस बंद, आणि देवघरातली समई सुद्धा शांत केलेली असते.

बायकांसाठी म्हणून कुणी वेगळं सांगत नाही, म्हणून मी सांगते, केसांना खोबरेल लावून शेडमध्ये येऊ नका. केस टोपीत, आणि त्या दिवशी तेल नाहीच. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं स्प्रे तर आमच्या शेडच्या आवारात येत नाही. त्याचा एक थेंब हवेतून पत्र्यावर बसला तर अख्ख्या दारावर खड्डे येतात आणि कुठलाही फिल्टर त्याला काही करू शकत नाही. अंगात सुती कपड्यांवरून बंद विंडचीटर घालते, कारण सुताचे तंतू ओल्या क्लिअरवर उभे राहतात.

मास्कबद्दल मी तडजोड करत नाही. आयसोसायनेटनं दमा जडतो, एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे थोड्या वासानंही त्रास होतो, आणि त्याचा वास लागेपर्यंत उशीर झालेला असतो. कापड बांधून किंवा धुळीचा साधा मास्क लावून टू-के मारणारे मिस्त्री आमच्या भागात मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते पाहून जीव कासावीस होतो. निदान सेंद्रिय वाफेचे कोळशाचे डबे आणि वर कणांचा फिल्टर असलेला रबरी मास्क हवाच. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं चेहऱ्यापर्यंत आणणारा मास्क मिळाला तर तो सगळ्यात सुरक्षित. या फिल्टरमधून आलेली गनची हवा मात्र श्वासासाठी वापरू नका. तेलाच्या कॉम्प्रेसरची हवा श्वासाची नसते, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि सिलिका तो अडवत नाही.

हे सगळं जमवून भावाची वॅगन-आर केली. सिल्की सिल्व्हर, कोड झेड-टू-एस. डाव्या बाजूचा पुढचा दरवाजा आणि फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा. चांदीरंग अवघड, कारण त्यातले अॅल्युमिनियमचे कण कसे पडतात यावर रंगाची छटा ठरते. ओला कोट जड बसला तर कण बुडतात आणि ढग-ढग दिसतात, दाब कमीजास्त झाला तरी तेच. इथे या फिल्टरचा रेग्युलेटर मला मनापासून आवडला. सुरुवातीपासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत गनच्या काट्यावर दाब हलला नाही. पत्र्यापासून वीतभर अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर, आणि शेवटी थोडं लांबून एक हलका कोट, म्हणजे कण सारखे होतात. क्लिअरचे दोन कोट, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. भाच्यानं ट्यूबलाइट आडवी धरली होती, ओली कड त्या उजेडातच दिसते. "आत्या, इथं कोरडं दिसतंय," असं तो सांगायचा आणि मी परत फिरवायचे.

दुसऱ्या दिवशी दारावर धुळीचे मोजके दाणे होते. २००० च्या वॉटर पेपरनं हलके काढून कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारलं आणि गेले. भोक एकही नव्हतं, तेलाचा खड्डा एकही नव्हता. उन्हात गाडीच्या बाजूनं चालत गेलं तर नवं दार आणि कंपनीचं मागचं दार यांत फरक शोधावा लागतो. दारात उजेडाची सरळ रेघ दिसते, फेंडरच्या खालच्या वळणावर थोडा सालीचा पोत राहिला आहे.

ज्यांच्याकडे १ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर आहे त्यांनी हा फिल्टर आत्ता घेऊ नये. त्या कॉम्प्रेसरला एचव्हीएलपी गन पेलत नाही, आणि तीन भांड्यांत दाब अजून मरेल. त्यांनी कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन आणि एकच पाणी-फिल्टर लावून आरसे, बंपरचे कोपरे, स्कूटरचे पॅनल एवढंच करावं. ३ एचपी आणि पुढचा कॉम्प्रेसर असेल, आणि काम पावसाळ्यातही करायचं असेल, तर घ्याच. घेताना धातूचं आवरण आहे का ते हातानं चाचपून बघा, अर्धा इंची जोडणी मागा आणि तिन्ही भांड्यांचे आतले फिल्टर सुटे मिळतात का ते आधी विचारा. तेलाचा बारीक फिल्टर कामाप्रमाणे बदलावा लागतो, आणि तो सुटा मिळत नसेल तर थोड्याच दिवसांत अख्खं युनिट नवीन घ्यायची पाळी येते.